घोरण्याचे घराणे

घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे सहसा ऐकू येत नाही, त्यामुळे या विषयावरचे घरातले सगळे ज्ञान जागे राहिलेल्यांनी जमवलेले असते. आमच्या घरात ते काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या मूळ घरी गणपतीत सगळी भावंडे जमत. रात्री आरत्या आणि भजन आटोपले की पुरुषमंडळींच्या पथाऱ्या ओटीवर आणि पडवीत पडत, बायका-मुले माजघरात झोपत, आणि ओटी व माजघर यांच्यामधले दार उकाड्यामुळे उघडेच असल्याने बाहेरचा प्रत्येक आवाज आत येत असे. झोप हलकी असलेल्या मुलीला अशा रात्री करण्यासारखे फार काही नसते. कोण घोरते आहे ते ओळखण्याचा मी प्रयत्न करीत असे, आणि काही वर्षांनी आबाकाका, नानाकाका आणि माझे वडील या तिघांचे घोरणे मला अंधारातही वेगवेगळे ओळखता येऊ लागले.

त्या ओळखीतून जे कोडे तयार झाले ते सुटायला मात्र मोठेपण यावे लागले. आबाकाका थोरले आणि चांगलेच स्थूल. त्यांचे घोरणे मात्र सौम्य, एका लयीतले. नानाकाका सर्वांत धाकटे, सडपातळ, रोज सकाळी विहिरीचे पाणी हाताने ओढणारे, पोट नावालाही नसलेले; आणि त्यांचे घोरणे असे की पायाशी झोपलेले मांजर उठून अंगणात निघून जाई. माझे वडील या दोघांच्या मधले, पण त्यांची गोष्ट अशी की गणपतीत ते माफक घोरत आणि शिमग्याला भयंकर. जाड माणसे घोरतात हे सर्वमान्य स्पष्टीकरण या तिघांसमोर टिकत नव्हते. दुसरे स्पष्टीकरण आजीचे होते. मोठ्याने घोरणारा माणूस दिवसभर खपलेला असतो, म्हणून त्याला सुखाची झोप लागते, असे ती सांगे, आणि नानाकाकांकडे कौतुकाने पाही.

घोरण्याला सुखाच्या झोपेचे लक्षण मानण्याची ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे, आणि तिला कुंभकर्णाचाही हातभार लागलेला असावा. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात त्याला उठवायला गेलेले बलाढ्य राक्षस त्याच्या श्वासाच्या झोताने मागे रेटले जातात आणि मोठ्या कष्टाने गुहेत शिरतात. एवढा वारा ज्याच्या नाकातून वाहतो त्याची झोप तशीच गाढ असणार, असा तर्क ऐकणारा करतोच. पण वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर ज्याचा श्वास राक्षसांना ढकलू शकतो त्याची श्वासाची वाट उत्तम मोकळी आहे असेच म्हटले पाहिजे. मोठ्याने घोरणाऱ्या माणसाची अडचण याच्या नेमकी उलटी असते.

नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या हवेच्या वाटेचा बहुतेक भाग टणक आहे. नाकाला हाडाचा आणि कूर्चेचा आधार आहे, स्वरयंत्र कूर्चेचेच बनलेले आहे, आणि त्याखालच्या श्वासनलिकेला कूर्चेची अर्धवट कडी ओळीने बसवलेली असल्यामुळे ती कितीही जोराने श्वास घेतला तरी मिटत नाही. मधला घशाचा टप्पा, म्हणजे मऊ टाळू आणि पडजीभ यांच्या मागून जिभेच्या मुळामागे उतरणारा भाग, तेवढा निराधार आहे. त्याच्या भिंती स्नायूंच्या आहेत, कारण याच वाटेने घास गिळायचा असतो आणि याच वाटेचा आकार क्षणोक्षणी बदलून बोलायचेही असते. ताठ नळीला यांतले काहीच जमले नसते. माणसाचे स्वरयंत्र इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने गळ्यात बरेच खाली उतरलेले आहे, आणि घोरणे ही त्या बदलाची, म्हणजे पर्यायाने वाचेची, किंमत आहे असे काही अभ्यासक मानतात. हे मत मला आकर्षक वाटते, पण त्यावर पूर्ण विसंबून राहवत नाही, कारण बुलडॉगसारखे चपट्या तोंडाचे कुत्रेही अगदी माणसासारखेच घोरतात आणि वाचेची देणगी काही त्यांना मिळालेली नाही.

जागेपणी घशाचा हा भाग स्नायू ताणून उघडा ठेवतात. त्यांतला मुख्य स्नायू जिभेचा. तो खालच्या जबड्याच्या हाडाला, हनुवटीच्या आतल्या बाजूने, बांधलेला असतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर जिभेला किंचित पुढे ओढून धरतो. झोप लागली की मेंदूकडून या स्नायूंना मिळणारी आज्ञा मंदावते, जीभ आणि टाळू मागे कलतात आणि वाट अरुंद होते. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, मात्र आपले काम चालूच ठेवते, आणि रात्रभरात सहा-सात हजार वेळा खालून हवा ओढत राहते. शहाळ्यात घातलेली कागदी नळी ओली झाल्यावर काय करते ते आता सर्वांना माहीत झाले आहे: पाणी येत नाही म्हणून जोराने ओढावे तर ती अधिकच मिटते. घशाचे तसेच होते. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की भिंतींवरचा दाब उतरतो, भिंती एकमेकींकडे ओढल्या जाऊन क्षणभर टेकतात, टेकल्याबरोबर प्रवाह अडतो, दाब पुन्हा सावरतो आणि त्या पुन्हा सुट्या होतात. एका सेकंदात हे कित्येक डझन वेळा घडते, आणि त्या फडफडीला आपण घोरणे म्हणतो.

एवढे समजल्यावर आवाज लहान-मोठा का होतो याचा विचार करता येतो. टाळूला किंवा पडजिभेला स्वतःचा आवाज नसतो. घोरण्यातली सगळी ऊर्जा श्वासपटलाच्या ओढीतून येते. वाट पुरेशी रुंद असली तर भिंती फडफडण्याचा प्रश्नच येत नाही, आणि ती पूर्ण मिटली तर हवाच जात नाही, मग आवाज कुठून येणार? मोठा आवाज निघतो तो या दोन टोकांच्या मध्ये, जिथे वाट जेमतेम उघडी असते, भिंती सैल असतात आणि खालची ओढ जोरदार असते. त्यातही अरुंदपणाचा हिशेब सरळ नाही. एकोणिसाव्या शतकात पॉइझय नावाच्या फ्रेंच वैद्याने नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा जो नियम मांडला, त्यानुसार नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढाच प्रवाह नेण्यासाठी १६ पट दाब लागतो. घशातली हवा इतकी शिस्तीत वाहत नाही, तिथे भोवरे उठतात आणि अडथळा त्याहूनही वाढतो. म्हणूनच सर्दीने आलेली एखाद्या मिलिमीटरची सूज, किंवा जिभेचे थोडेसे मागे सरणे, एवढ्यानेही शांत झोपणारा माणूस घोरू लागतो, आणि दिसायला एकाच चणीच्या दोन भावांच्या आवाजात एवढे अंतर पडू शकते.

नानाकाकांचे कोडे त्यांच्या लग्नातल्या फोटोत स्पष्ट दिसते, फक्त तो बाजूने काढलेला हवा. त्यांची हनुवटी मागे सरलेली आहे. खालचा ओठ वरच्या ओठाच्या बराच आत आहे. जिभेचा स्नायू ज्या हाडाला बांधलेला, तेच हाड मागे असेल तर जीभही मागेच राहणार, आणि लहान जबड्यात नेहमीच्या आकाराची जीभ मावायची म्हणजे ती घशाच्या बाजूला सरकणार. पुढे त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले तेव्हा भूलतज्ज्ञांनी त्यांना बसवून तोंड पूर्ण उघडायला आणि जीभ बाहेर काढायला सांगितले, आत पाहिले, आणि मान हलवून काहीतरी लिहून घेतले. शेषगिरी मल्लमपाटी या बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या भारतीय भूलतज्ज्ञांनी १९८५ मध्ये ही तपासणी वैद्यकात रूढ केली. तोंड उघडल्यावर पडजीभ आणि तिच्या मागची कमान जितकी कमी दिसते, तितके भुलीच्या वेळी घशात नळी घालणे अवघड, असा तिचा मूळ उपयोग. नंतर झोपेचे डॉक्टरही हीच खूण पाहू लागले, कारण जी दाटी भूलतज्ज्ञाला अडवते तीच रात्री हवेलाही अडवते. नानाकाकांची पडजीभ अजिबात दिसत नव्हती. आशियाई लोकांत वजन फारसे नसतानाही झोपेतल्या श्वासाचे विकार आढळतात, याचे एक कारण चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या हाडांची ठेवण हे सांगितले जाते. ही ठेवण वारशाने येते, आणि तिच्यापुढे सडपातळ अंगाचा किंवा विहिरीच्या रहाटाचा काही उपयोग होत नाही.

याचा अर्थ वजनाचा संबंध नाही असा नव्हे. फक्त ते वजन कुठे साठले आहे याला महत्त्व आहे. गळ्याभोवतीची चरबी बाहेरून वाट दाबते, म्हणून घोरण्याच्या तपासणीत डॉक्टर वजनाइतकेच गळ्याच्या घेराला महत्त्व देतात, आणि ४० सेंटिमीटरच्या पुढचा घेर ही धोक्याची एक खूण मानली जाते. शर्टाच्या कॉलरचे बटण लावता न येणे ही त्याची घरगुती आवृत्ती. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे चरबी जिभेतही साठते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रिचर्ड श्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एमआरआयच्या साहाय्याने हे दाखवले की झोपेत श्वास अडणाऱ्या स्थूल माणसांच्या जिभेत, तेवढ्याच स्थूल पण श्वास न अडणाऱ्या माणसांपेक्षा, अधिक चरबी असते. आणि २०२० मध्ये त्यांनीच असे दाखवले की वजन उतरल्यावर होणाऱ्या सुधारणेत जिभेतली चरबी घटण्याचा वाटा मोठा असतो. आबाकाकांचे वजन पोटावर होते, गळा त्या मानाने आटोपशीर आणि जबडा रुंद, चौकोनी. शिवाय ते भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपत. उताणे झोपल्यावर जीभ, टाळू आणि खालचा जबडा हे तिघेही गुरुत्वाकर्षणाने मागे जातात, कुशीवर झोपल्यावर बाजूला. पहाटे कधीतरी आबाकाका कूस बदलून उताणे होत आणि मग त्यांचाही आवाज चढे, कारण मोठे पोट छातीवर रेलले की फुप्फुसे लहान होतात, फुप्फुसे वर सरकली की श्वासनलिकेची घशाला खाली ताणून ठेवणारी ओढ सैल पडते, आणि घशाच्या भिंती अधिक ढिल्या होतात. पोटाचा आणि घशाचा असाही संबंध आहे.

वडिलांच्या बाबतीत नाक आणि पेला असे दोन घटक होते. त्यांच्या नाकाचा पडदा वाकडा होता, ज्याला आपल्याकडे नाकाचे हाड वाढले असे म्हणतात, आणि धुळीने त्यांना सर्दी होत असे. नाक स्वतः क्वचितच आवाज करते. पण ते अडले की खालून अधिक जोराने ओढावे लागते, आणि त्या ओढीने पुढचा मऊ घसा मिटू लागतो. मग तोंड उघडते, तोंड उघडल्यावर जबडा खाली व मागे सरकतो, आणि बंद ओठांमुळे जो आवाज आत कोंडला असता तोही मोकळा बाहेर पडतो. राहिला पेला. मद्य जिभेच्या स्नायूला ढिले करते, आणि घसा अडल्यावर मेंदूला जी जाग यायला हवी ती उशिरा येऊ देते. झोपेच्या काही गोळ्याही असेच करतात. गणपतीत आमच्या घरात मद्याचे नाव काढायची सोय नव्हती, शिमग्याला पालखी घरून गेल्यावर पुरुषमंडळी कुठेतरी बसत, आणि आजी सकाळी आईला म्हणे, “काल भाऊ फार दमला होता वाटतं.” आईने या निदानाला कधी विरोध केला नाही. दमण्यानेही घोरणे वाढते हे मात्र खरे आहे. रात्रभर एसटीत बसून आलेल्या माणसाचे स्नायू पुढच्या रात्री अधिक सैल पडतात, म्हणून चाकरमान्यांची गावातली पहिली रात्र सर्वांत गोंगाटाची असे.

आवाजाची जातही सारखी नसते. टाळू फडफडत असेल तर घोरणे खर्जात लागते. जिभेच्या मुळापाशी अडत असेल तर ते वरच्या पट्टीत आणि अधिक कर्कश होते. नक्की कुठे काय फडफडते ते डोळ्यांनी पाहण्याची सोय १९९१ मध्ये झाली. लंडनमधल्या क्रॉफ्ट आणि प्रिंगल या डॉक्टरांनी रुग्णाला औषधाने झोपवून नाकातून बारीक दुर्बीण घालून घोरणारा घसा प्रत्यक्ष पाहिला, आणि शस्त्रक्रिया कुठे करावी, किंवा करूच नये, हे ठरवायला आजही ही पद्धत वापरतात. टाळूवरची शस्त्रक्रिया जिभेमुळे घोरणाऱ्या माणसाच्या उपयोगी पडत नाही, हे ऐकायला उघड वाटते, पण ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवणे अवघड होते.

मोठ्याने म्हणजे किती मोठ्याने, याला मोजमाप आहे. साध्या गप्पांचा आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो आणि मोठे घोरणारे तो सहज ओलांडतात. स्वीडनमधील एका गृहस्थांचे घोरणे १९९३ मध्ये तिथल्या रुग्णालयात ९३ डेसिबल भरले आणि विक्रम म्हणून नोंदले गेले. डेसिबलचे माप दर दहाला दसपट असे चढते, त्यामुळे ६० आणि ९३ यांतला फरक आवाजाच्या शक्तीत सुमारे दोन हजार पट होतो. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गणपतीच्या मिरवणुकीवर या नियमाने खटले होतात. मिरवणूक संपवून घरी येऊन झोपलेला माणूस त्याच मर्यादेचा भंग रात्रभर करतो आणि त्याच्यावर कोणी तक्रार नोंदवीत नाही. नोंदवायचीच झाली तर ती बायकोला नोंदवावी लागेल, आणि तिला त्याच घरात राहायचे असते.

बायकांचा विषय निघाला म्हणून हे आधी सांगायला हवे होते असे एक निरीक्षण: माजघरातही घोरणे चाले. माझी आत्या घोरत असे, आणि वयाच्या पन्नाशीनंतर तिचा आवाज नानाकाकांच्या बरोबरीने चढला. पण सकाळच्या चहाला ओटीवरच्या घोरण्याची जशी नक्कल होई, हसणे होई, तशी माजघरातल्या घोरण्याची कधीच झाली नाही. पुरुषाचे घोरणे गमतीचे आणि बाईचे घोरणे लाजेचे, हा भेद आमच्याच घरातला नव्हे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सरकारी नोकरांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३० ते ६० वर्षांच्या पुरुषांपैकी २४ टक्क्यांत आणि स्त्रियांपैकी ९ टक्क्यांत झोपेत श्वास वारंवार अडत असल्याचे आढळले. तोवर उपचाराला येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण याहून कितीतरी कमी असल्याने हा पुरुषांचाच आजार समजला जात असे. स्त्रिया कमी घोरतात याला शारीरिक कारणेही आहेत. त्यांच्या घशाचा मऊ टप्पा लांबीला कमी असतो, चरबी गळ्याऐवजी कमरेखाली साठते, आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक श्वासाला उत्तेजन देते. रजोनिवृत्तीनंतर हे संरक्षण जाते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत नाकाच्या आतली सूज आणि वाढलेले वजन यांमुळे कधीही न घोरलेली बाई घोरू लागते, आणि तेव्हा ते हसण्यावारी न नेता डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण त्याचा वाढत्या रक्तदाबाशी संबंध असू शकतो. आत्याच्या बाबतीत थायरॉइडही मंदावलेले निघाले. त्याने जीभ आणि घसा यांच्या पेशींना सूज येते.

आजीच्या सुखाच्या झोपेचे काय, हे राहिले. अंधारात ऐकताना नानाकाकांच्या घोरण्यातला आवाजाचा भाग मला तितकासा अस्वस्थ करीत नसे. अस्वस्थ करीत असे ते त्याचे मध्येच तुटणे. आवाज चढत चढत जाई आणि एकाएकी बंद होई. मी वाट पाहात असे. मग मोठा हुंकार, जणू कोणी पाण्यातून डोके वर काढले, आणि पुन्हा सुरुवात. त्या थांबण्याच्या वेळी घसा पूर्ण मिटलेला असतो आणि छाती व्यर्थ ओढत असते. १० सेकंद किंवा अधिक काळ असे झाले की डॉक्टर त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, स्नायू ताणले जातात, आणि अडलेली सगळी ओढ एकदम सुटल्यामुळे रात्रीतला सर्वांत मोठा आवाज तेव्हा निघतो. ही जाग इतकी छोटी असते की सकाळी आठवत नाही. गंभीर आजारात असे तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा होते. म्हणजे ज्या आवाजाला आजी गाढ झोपेची खूण समजत होती तो आवाज बहुतेक वेळा जागे होण्याचा होता. सरळ, एकसारखे घोरणारा माणूस खरोखर गाढ झोपलेला असू शकतो, आणि आबाकाका असावेतही. पण नानाकाका दुपारी झोपाळ्यावर बसल्या बसल्या पेंगत, भजनात टाळ हातात धरून डुलत, आणि त्यांचा रक्तदाब चाळिशीतच वाढला, याची संगती कोणी त्यांच्या रात्रीशी लावली नाही.

मुंबईत हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमित आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांत २६ टक्के नेहमी घोरणारे होते. झोपेतल्या श्वासाचा विकार १९.५ टक्क्यांत, आणि त्याच्या जोडीला दिवसा झोप येण्याचे लक्षण ७.५ टक्क्यांत आढळले. म्हणजे घोरणारे सगळेच आजारी नसतात, हेही त्यातून दिसते. २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांच्या निधनाच्या बातम्यांत स्लीप ॲप्निया हे शब्द आले, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप समूहावर प्रथमच नानाकाकांच्या घोरण्याबद्दल विनोदाशिवाय बोलणे झाले.

उपायांच्या बाबतीत माणसाने बरीच कल्पकता दाखवली आहे. सदऱ्याच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवणे हा जुना उपाय, म्हणजे उताणे होताच टोचते. केवळ उताणे झोपल्यावरच घोरणाऱ्यांना तो थोडाफार उपयोगी पडतो. झुरिचमध्ये २५ रुग्णांवर केलेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक मजेदार आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे डिजेरिडू हे लांब लाकडी वाद्य चार महिने वाजवायला शिकलेल्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि त्यांच्या जोडीदारांचीही झोप सुधारली. त्याला २०१७ मध्ये इग नोबेलचा, म्हणजे हसवणाऱ्या संशोधनासाठीच्या गमतीच्या नोबेलचा, शांतता पुरस्कार मिळाला, आणि पुरस्काराचा विभाग योग्यच निवडला म्हणायचा. जयपूरमध्ये ३० रुग्णांवर शंख वाजवण्याचा असाच छोटा प्रयोग झाला आणि २०२५ मध्ये त्याचेही निष्कर्ष उत्साहवर्धक आले. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, हे त्यामागचे तत्त्व पटण्यासारखे आहे. पण एवढ्या लहान प्रयोगांच्या भरवशावर गंभीर आजार सोडू नये. आबाकाका आयुष्यभर आरतीला शंख वाजवीत आले, आणि त्यांच्या सौम्य घोरण्याचे श्रेय त्यांनी आता अर्थातच शंखाला दिले आहे.

खरा उपाय सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडला. नाकावर मुखवटा बसवून त्यातून हवेचा मंद दाब सतत द्यायचा, म्हणजे घशाच्या भिंती आतून तोलून धरल्या जातात आणि मिटत नाहीत. सुरुवातीची यंत्रे अवजड आणि आवाज करणारी होती; सीपॅप नावाचे आताचे यंत्र उशाशी ठेवता येते. नानाकाकांनी ते प्रथम नाकारले, मग मुखवटा गळतो अशी तक्रार केली, मग आकार बदलून घेतला, आणि आता प्रवासातही बरोबर नेतात. पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी सांगितले की दुपारचे वर्तमानपत्र आपण कित्येक वर्षांनी शेवटच्या पानापर्यंत वाचले.

आत्याचे निदान व्हायला याहून वेळ लागला. तिचे यजमान गेल्यापासून ती डोंबिवलीला एकटी राहते, आणि तिच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो रात्री खोलीत सोबत कोण असते हा. झोपेच्या आजारात साक्षीदाराच्या जबानीला एवढे वजन असते की एकट्या माणसाचा आजार वर्षानुवर्षे कळत नाही. शेवटी तिच्या मुलीने फोनवर रात्रभराचे ध्वनिमुद्रण करायला शिकवले, मग बोटाला आणि नाकाला तारा लावून घरच्या घरी करायची चाचणी झाली, आणि तासाला श्वास अडण्याचा आत्याचा आकडा नानाकाकांपेक्षा मोठा निघाला. तिला तो ऐकून धक्का बसला नाही, उलट भावाला मागे टाकल्याचे थोडे समाधानच झाल्यासारखे वाटले. तो कागद घेऊन आलेल्या तिच्या मुलीने आणि मी त्या दिवशी बाथरूमच्या आरशासमोर आळीपाळीने तोंड उघडून, जीभ बाहेर काढून पाहिले. तिची पडजीभ पूर्ण दिसते. माझी जेमतेम मुळाशी दिसते, आणि मी घोरते का असे नवऱ्याला विचारले तर तो उत्तर द्यायला अलीकडे जरा वेळ घेतो.